उपचार घरचा, मग तज्ज्ञ नव्वद किलोमीटरवर का?

अर्धांगवायूचा झटका आलेला माणूस आठ-दहा दिवसांनी दवाखान्यातून घरी येतो. जीव वाचलेला असतो, बिल कसंबसं भागलेलं असतं, गोळ्यांची चिठ्ठी हातात असते. घरच्यांना वाटतं, सुटलो. खरी अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी उभी राहते. संडासला कसं न्यायचं? खाली बसता येत नाही, बसलं तर उठता येत नाही. शर्ट घालायला दोन माणसं लागतात. उजवा हात गेलेला असतो आणि डाव्या हाताने जेवायची लाज वाटते, म्हणून माणूस अर्धपोटी उठतो. बायको भरवायला गेली तर चिडतो. आयुष्यभर ज्याने घर चालवलं, त्याला आपण आता कुणाच्या तरी हातात आहोत हे रोज सकाळी नव्याने कळतं.

या अडचणींवर काम करणारा एक प्रशिक्षित माणूस असतो. त्याला ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणतात, सरकारी कागदांवर व्यवसायोपचारतज्ज्ञ. चार वर्षांचं शिक्षण आणि त्यावर इंटर्नशिप करून तो तयार होतो. तो आधी विचारतो की तुम्हाला काय करता यायला हवंय. मग ते काम सुटं करून बघतो, कुठे अडतंय ते शोधतो आणि वाट काढतो. शर्ट घालताना अधू हात आधी बाहीत घालायचा, चांगला नंतर. काढताना बरोबर उलटं. ताटाखाली ओलं फडकं अंथरलं की एका हाताने घास घेताना ताट सरकत नाही. एका हाताने परकराची नाडी बांधता येत नाही, तिथे इलॅस्टिक लावायचं. संडासात भिंतीला दांडी ठोकायची, पण ती चालत्या हाताच्या बाजूला आणि त्या माणसाच्या उंचीला बेतूनच. नाहीतर खर्च करून बसवलेल्या दांडीला नुसता टॉवेल लटकतो. सांगितल्यावर हे सोपं वाटतं. सांगणारा कुणी नसेल तर अख्खं घर वर्षानुवर्षं अडतं.

मी सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यात शिक्षक आहे. आमच्या भागात हा माणूस शोधायला निघालात की शोध मिरज-सांगलीला जाऊन थांबतो. काहींना सोलापूर, विजयपूर, पुणे गाठावं लागतं. जतहून मिरज ऐंशी-नव्वद किलोमीटर. तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांतून आधी जतलाच यायला तास-दीड तास जातो. ‘चांगला थेरपिस्ट कुठे मिळेल’ हा प्रश्न प्रत्येक कुटुंब एकेकटं, आपापल्या ओळखीपाळखीतून सोडवत बसतं. माझं म्हणणं असं की हा शोध कुटुंबावर टाकणंच चूक आहे. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात व्यवसायोपचारतज्ज्ञाचं कायम पद असलं पाहिजे आणि आठवड्यातले काही दिवस घरोघरी, शाळांत, अंगणवाड्यांत फिरणं हा त्या पदाच्या कामाचाच भाग असला पाहिजे.

तालुक्यालाच का, जिल्ह्याला का नको, असं कुणी विचारेल. मोतीबिंदूचं ऑपरेशन एकदा होतं, त्यासाठी माणूस जिल्ह्याला जाऊन येऊ शकतो. या उपचाराचं तसं नाही. त्याचा कच्चा माल म्हणजे माणसाचं घर: त्याचा उंबरा, त्याची मोरी, शाळेतला बाक, गोठा, चुलीची उंची. पोहायला जसं विहिरीवरच शिकवावं लागतं, तसं हे काम जिथे करायचंय तिथेच शिकवावं लागतं. दूरच्या शहरातल्या गुळगुळीत फरशीवर, कठडे लावलेल्या स्वच्छ खोलीत शिकलेलं चालणं आमच्या शेणाने सारवलेल्या, मधेच उंच होणाऱ्या अंगणात उपयोगी पडेलच असं नाही. म्हणजे अंतर वाढलं की सोय कमी होते एवढ्यावर भागत नाही, उपचारच अर्धा होतो. आपली आरोग्यव्यवस्था ही गोष्ट लक्षातच घेत नाही. मोठं यंत्र आणि मोठा डॉक्टर मोठ्या गावात, या हिशेबात तिने थेरपीही बसवून टाकली आहे.

आमच्या शाळेच्या वस्तीवरची एक आई मुलाला घेऊन मिरजेला जायची. मुलाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर आलेलं दिव्यांगत्व. हातपाय ताठ, मान आता आता धरायला लागलेली. पहाटे उठून डबा करायचा, पहिली एसटी धरायची, दुपारपर्यंत नंबर लावून बसायचं. मग पाऊण तास थेरपी आणि संध्याकाळी परत. एसटीत दिव्यांगांना सवलत आहे, पण बुडालेल्या रोजाला सवलत कुठून आणणार? मी तिला विचारलं, काय करतात तिथे? ती म्हणाली, “सर, मोठ्या चेंडूवर बसवत्यात, झोपाळ्यावर झुलवत्यात. पोरगं खुश असतंय. पण घरी आल्यावर मी काय करू? आमच्याकडं चेंडू न्हाई आन् झोपाळाबी न्हाई.” त्या केंद्रातल्या थेरपिस्टला दोष द्यावा असं मला वाटत नाही. बाहेर रांग असते, आणि त्यांनी या बाईचं घर कधी पाहिलेलं नसतं, त्यामुळे तिच्या घरात काय आहे आणि काय नाही हे त्यांना कळणार कसं? तिच्या घरात एक लाकडी पेटी होती, ज्वारीची पोती होती, सुतारकाम करणारा दीर होता. एवढ्या सामानात त्या मुलाला बसवायची कोपऱ्यातली खुर्ची तयार झाली असती. दोन बाजूंनी आधार, पायाखाली फळी, पुढ्यात ताट ठेवायला पाट. मूल नीट टेकून बसलं की त्याचे हात मोकळे होतात आणि मोकळ्या हातांनी ते खाऊ लागतं, खेळू लागतं. त्या आईला हवी होती ती खुर्ची, आणि ती करून घेणारा माणूस तिच्या दारी कधी आला नाही. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला गेलं आणि मिरजेच्या फेऱ्या तुटल्या.

या पोरांच्या बाबतीत वेळ हीच खरी पुंजी असते. पहिल्या काही वर्षांत मेंदू जेवढं नवं शिकतो, तेवढं पुढे शिकत नाही. ‘मोठा झाला की बोलेल, मोठा झाला की बसेल’ असं सांगणारे नातेवाईक वाईट नसतात, पण त्यांच्या दिलाशात दोन-तीन वर्षं निघून जातात.

थेरपीचा विषय निघाला की हल्ली शहरात ऑटिझमचीच चर्चा होते. ती व्हायलाच हवी. आमच्या शाळांतही अशी मुलं आहेत, ज्यांना घंटेचा आवाज असह्य होतो, नखं कापताना जी घर डोक्यावर घेतात, आणि जी ‘वांड’ म्हणून मार खातात. पण ग्रामीण भागात या तज्ज्ञाची गरज त्याहून कितीतरी पसरलेली आहे, आणि तिच्याबद्दल मी फारसं कुठे वाचत नाही. आमच्याकडे कडबाकुट्टीत, मळणी यंत्रात हात जातो. मिरज हे वैद्यकीय गाव, तिथे हाताची उत्तम ऑपरेशनं होतात. तुटलेली कंडरा, म्हणजे बोट वाकवणारी दोरी, सर्जन कौशल्याने जोडतो. त्यानंतरचे पहिले काही आठवडे फार नाजूक असतात. बोट जास्त हललं तर जोड सुटतो, अजिबात हललं नाही तर कंडरा आजूबाजूला चिकटून बसते आणि बोट ताठ होतं. या दोहोंच्या मधली वाट हातावर काम करणारा थेरपिस्ट धरतो. गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकच्या पत्र्यातून तो त्या हाताच्या मापाचा स्प्लिंट, म्हणजे हात योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार, घडवतो, सूज उतरली की तो पुन्हा बेततो, कुठल्या आठवड्यात बोट किती वाकवायचं ते ठरवून देतो.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याचा उजवा हात असाच कडबाकुट्टीत सापडला. ऑपरेशन चांगलं झालं. टाके काढायला गेला तेव्हा स्प्लिंट मिळाला, ‘दर आठवड्याला या’ असं सांगितलं. एकदोनदा गेला. मग द्राक्षाचा हंगाम आला, सोबत जाणारा भाऊ कामाला लागला, स्प्लिंट सैल झाला तो खुंटीला गेला. आज त्याची तीन बोटं तळहातापर्यंत पोचत नाहीत. छाटणीची कात्री धरता येत नाही म्हणून तो छाटणीच्या टोळीत जात नाही. पाणी धरायचं काम करतो, कमी मजुरीवर. सर्जनचं कौशल्य, ऑपरेशनचा खर्च, त्याने सोसलेलं दुखणं, सगळं नंतरच्या काही आठवड्यांत वाया गेलं. सरकारी आरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचारांभोवती उभ्या आहेत. सुट्टी मिळाल्यावर घरी चालणाऱ्या महिनोन्‌महिन्यांच्या थेरपीला त्यांत जागा नाही. भाजलेल्या बायकांचंही हेच होतं. जखम भरते, कातडी आखडत जाते, मान छातीकडे ओढली जाते, काख उघडत नाही, आणि हे स्प्लिंटने व रोजच्या ताणाने बरंचसं टाळता येतं हे सांगायला जवळ कुणी नसतं.

या विद्येचं भारतातलं घर महाराष्ट्रच आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर इथल्याच झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात भारतातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. १९५२ मध्ये या तज्ज्ञांची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा संस्थापक देशांत भारत होता. राज्याने व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार (फिजिओथेरपी) यांच्या परिषदेसाठी २००२ चा स्वतंत्र कायदा केला, म्हणजे नोंदणीची व्यवस्थाही आपल्याकडे देशपातळीच्या आधीच आली. देशाचा कायदा २०२१ मध्ये झाला. एवढा जुना वारसा असताना पाऊणशे वर्षांनी चित्र काय आहे? हा अभ्यासक्रम शिकवणारी जुनी सरकारी आणि महापालिकेची महाविद्यालयं मुंबई-नागपुरात. तिथे शिकलेली मुलं मुंबई-पुण्यात थांबतात किंवा परदेशी जातात. फिजिओथेरपीची महाविद्यालयं जिल्ह्याजिल्ह्यांत निघाली, त्यामुळे आज तालुक्याच्या गावात फिजिओथेरपिस्टची पाटी दिसते. व्यवसायोपचार मागेच राहिला.

त्याचं कारण मला सरळ दिसतं. पदच नाही म्हणून तज्ज्ञ गावात येत नाही, तज्ज्ञ आला नाही म्हणून लोकांना तो काय करतो हे माहीत होत नाही, आणि माहीत नाही म्हणून कुणी मागणीही करत नाही. रस्ता नसला की गाव आमदाराला अडवतं. डॉक्टर नसला की रुग्णालयाला टाळं ठोकायची भाषा होते. थेरपिस्ट नाही म्हणून आजवर कुठल्या गावाने मोर्चा काढल्याचं मी ऐकलेलं नाही. हे दुखणं घराच्या आत, मागच्या खोलीत असतं आणि ते बहुतेक वेळा बाईच्या अंगावर पडलेलं असतं.

सरकारने काही केलंच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतात, मुलं तपासतात, जन्मजात दोष आणि विकासातला उशीर टिपतात. मी हे पथक काम करताना पाहिलं आहे, मनापासून करतात. पुढच्या उपचारासाठी मूल जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवलं जातं. साखळी तुटते ती तिथेच. ज्या मुलाला आठवड्याला हात लागायला हवा, त्याला जिल्ह्याची चिठ्ठी देऊन काय होणार? रोग शोधणारी यंत्रणा गावापर्यंत आली आणि उपचार करणारी जिल्ह्यालाच थांबली. आईबापांच्या हातात नाव आलं, उपाय आला नाही. मला तर वाटतं, असं शोधून वाऱ्यावर सोडणं हे न शोधण्याइतकंच क्रूर आहे.

केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजनाही आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व असणाऱ्यांना तीत एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत मिळू शकतो. योजना चांगली आहे, ज्यांनी घेतली नसेल त्यांनी जरूर घ्यावी. पण आधी खर्च करायचा आणि बिलं जोडून नंतर परत मागायचा, अशी तिची रीत. जवळ थेरपिस्टच नसेल तर बिल कशाचं जोडायचं?

आणि कायदा काय म्हणतो? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २५ सरकारला आणि स्थानिक संस्थांना सांगतं की दिव्यांगांना त्यांच्या जवळपास, विशेषतः ग्रामीण भागात, मोफत आरोग्यसेवा मिळेल यासाठी उपाय करा. उत्पन्नाची अट त्यात आहे, पण आमच्या भागातली किती कुटुंबं त्या अटीत बसणार नाहीत? ‘जवळपास’ असं कायद्याने लिहून ठेवलेलं असताना नव्वद किलोमीटर हे जवळपास कसं ठरतं, याचं उत्तर कुणीतरी दिलं पाहिजे.

या मागणीला ज्या हरकती घेतल्या जातात त्या मी अनेकांच्या तोंडून ऐकल्या आहेत. फिजिओथेरपिस्ट आहे की, तो करेल, ही पहिली. फिजिओथेरपिस्ट स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल, तोल, चालणं यांवर काम करतो आणि त्याच्याशिवाय पुनर्वसन होतच नाही. पण गुडघा किती अंशात वाकला हे कळणं वेगळं आणि वाकलेल्या गुडघ्याने स्वतःची आंघोळ स्वतः करणं वेगळं. तालुक्यात दोघं लागतात. एकाच्या नावावर दुसऱ्याचं काम ढकललं की दोन्ही कामं पातळ होतात, आणि हे फिजिओथेरपिस्ट स्वतःच सांगतात.

मोबाइलवरून होईल, ही दुसरी. आधी एकदा घर पाहिलेल्या, मुलाला हात लावलेल्या थेरपिस्टने पुढच्या भेटींच्या मधे व्हिडिओ कॉलवर आईला मार्गदर्शन करणं फार उपयोगी आहे, कोरोनाच्या काळात अनेकांनी ते केलंही. पण ताठ झालेला स्नायू किती ताठ आहे ते हाताला कळतं, पडद्यावर कळत नाही. शिवाय आमच्या पूर्व भागात घरातला एकमेव चांगला फोन बहुधा कामावर गेलेल्या पुरुषाच्या खिशात असतो.

तिसरी हरकत जास्त वजनदार आहे: पद काढलं तरी येणार कोण? अकरा महिन्यांच्या करारावर, तुटपुंज्या मानधनावर, राहायला खोली नाही, फिरायला भत्ता नाही, हाताखाली स्प्लिंटचं साहित्य नाही, अशा जागी कुणी येणार नाही हे खरंच आहे. म्हणून तर मी कायम पद म्हणतो. आमच्याच खात्यातलं उदाहरण आहे. दिव्यांग मुलांचे विशेष शिक्षक वर्षानुवर्षं करारावर राबले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांबाबत स्पष्ट प्रमाण घालून दिलं आणि २०२४ मध्ये राज्याने केंद्रस्तरावर, म्हणजे शाळांच्या गटागटाला, विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली. त्यांच्या नेमणुकांचे प्रश्न संपलेत असं मी म्हणत नाही, पण जे पद अशक्य म्हणून सांगितलं जात होतं ते सरकारी कागदावर आलं. मग प्रत्येक तालुक्याला एक व्यवसायोपचारतज्ज्ञ हे मागणं फार मोठं कसं? इंटर्नशिपमधला काही काळ तालुक्यात काढायची सोय विद्यापीठाने केली, तर तरुण मुलांना हे काम कळेल. त्यातली काही थांबतीलही, कारण मुंबईत दिवसभर एका खोलीत बसून जे दिसत नाही ते इथे आठवड्याभरात दिसतं.

एका माणसाने होणारं हे काम नाही, हेही मी जाणतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दिव्यांगांचं प्रमाण २.६४ टक्के होतं. जत तालुक्याची लोकसंख्या तेव्हा सव्वातीन लाखांच्या वर, गावं शंभराहून अधिक. राज्याच्याच प्रमाणाने हिशेब केला तर तालुक्यात आठ हजारांच्या वर माणसं येतात. सगळ्यांना थेरपी लागते असं नाही, पण एकटा थेरपिस्ट कुणाकुणाला पुरणार? इथे तामिळनाडूतलं एक काम बघण्यासारखं आहे. तेनकासी जिल्ह्यात आयिकुडी नावाच्या गावी अमर सेवा संगम ही संस्था आहे, १९८१ मध्ये एस. रामकृष्णन या स्वतः पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाने सुरू केलेली. तिथे गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्या घरोघरी जाऊन लहान मुलांची थेरपी आईकडून करून घेतात, मुलाची प्रगती मोबाइल ॲपवर नोंदवतात आणि व्यवसायोपचार, फिजिओथेरपी, वाचाउपचार यांतले तज्ज्ञ त्यांच्या पाठीशी असतात. तज्ज्ञ ठरवतो, शिकवतो, तपासतो. रोजचा हात गावातली बाई देते.

आपल्याकडे आशाताई आहेत, अंगणवाडीताई आहेत, पण त्यांच्यावर आधीच इतक्या नोंदींचं ओझं आहे की आणखी एक काम फुकट टाकणं मला पटत नाही. दर काही गावांमागे एक वेगळी कार्यकर्ती हवी, मानधनावर, आणि शक्य तिथे ती दिव्यांग मुलाची आईच असावी. तिने रात्री जागून जे शिकलंय त्याला तेवढा तरी मान मिळेल. आमच्या पूर्व भागात ती कन्नड बोलणारी असली पाहिजे. तिथली पुष्कळ घरं कन्नड बोलतात, जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत, आणि मिरजेहून मराठीत लिहून आणलेला व्यायामाचा कागद घरात कुणी वाचत नाही.

जागा रिकामी राहिली की तिथे दुसराच कुणी शिरतो, आणि ते सुरू झालंय. लहान शहरांतून रंगीबेरंगी ‘थेरपी सेंटर’ निघत आहेत. काही खरंच चांगली आहेत, नोंदणी असलेल्या माणसांनी कष्टाने उभी केलेली. काहींत मात्र महिनाभराचा कोर्स केलेली मुलं थेरपिस्ट म्हणून बसवली जातात आणि सहा महिन्यांचं पॅकेज आगाऊ भरून घेतलं जातं. पालकांना मी एवढंच सांगतो: राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, खरा तज्ज्ञ तो भिंतीवरच लावतो. ‘पूर्ण बरं करतो’ म्हणणाऱ्याकडे पैसे भरू नका. आणि पहिल्या भेटीत तो घराबद्दल किती विचारतो, ते बघा. मूल कुठे झोपतं, कशात जेवतं, शाळेत कुठे बसतं, आंघोळ कोण घालतं. हे न विचारता मुलाला थेट आत नेऊन दार लावून घेणारा, आईला बाहेर बसवणारा, तुमच्या कामाचा नाही. आईने काय करायचं हे शिकवलं गेलं नाही तर आठवड्यातल्या त्या पाऊण तासाने फारसं काही बदलत नाही.

पैशांचं म्हणाल तर एक दार आधीच उघडं आहे. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत आणि नगरपालिकांनाही स्वतःच्या उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांग कल्याणावर खर्च करावी लागते. लहान ग्रामपंचायतीत ती रक्कम थोडी असते. मार्चअखेरीला घाईने थोडे थोडे पैसे वाटले जातात किंवा वस्तू दिली जाते, फोटो निघतो. ज्याला ते मिळतात त्याच्या हातून काढून घ्या असं मी म्हणणार नाही. त्या घरांत शंभर रुपयांनाही किंमत आहे. पण नगरपरिषद आणि जिल्हा परिषदेचा वाटा तरी एकत्र करून तालुक्यात फिरणारा एक थेरपिस्ट, त्याचं वाहन आणि स्प्लिंटचं साहित्य यावर खर्च करता येईल. कायम पद होईपर्यंत सुरुवात म्हणून हे चालेल. त्याच्या जागी म्हणून चालणार नाही. २०२२ मध्ये राज्याने दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातं काढलं. प्रत्येक खात्याने दुसऱ्याकडे बोट दाखवायचं, आरोग्य म्हणणार शिक्षण, शिक्षण म्हणणार समाजकल्याण, ही अडचण सोडवण्यासाठीच ते खातं असेल, तर तालुक्याच्या व्यवसायोपचारतज्ज्ञाचं पद कुणाच्या आस्थापनेवर, कुणाच्या पगारावर, हे त्याने ठरवून जाहीर करावं.

तोवर गावांनी आपलं काम करावं. येत्या ग्रामसभेत दिव्यांग निधीचा विषय निघेल तेव्हा दोन गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्याव्यात. गावात झटका आलेली, हात अधू झालेली, विकासात मागे पडलेली माणसं आणि मुलं किती, त्यातल्या किती जणांना गेल्या वर्षात थेरपिस्टचा एकदा तरी हात लागला, हे एक. आणि तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात व्यवसायोपचारतज्ज्ञाचं पद मंजूर करावं, असा ठराव. शंभर गावांचे शंभर ठराव एकाच मागणीचे, आकड्यांसह, जिल्हाधिकाऱ्यांच्या आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या टेबलावर गेले, तर ‘मागणीच नाही’ हे उत्तर त्यांना देता येणार नाही. आमच्या गावाची यादी करायला मी आणि अंगणवाडीताईंनी सुरुवात केली आहे.